पाण्यातील धातू धरणारी पॉलिमरयुक्त चिकणमाती : कुठे वापरावी, कुठे नाही

पाण्यात शिसे, कॅडमिअम किंवा निकेल असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, त्याचा वास येत नाही आणि बहुतेक वेळा पीकही हिरवेगार दिसते. त्यामुळे औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्या किंवा शहराच्या नाल्यावर भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्याला नुकसान कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती होत असे. नदीच्या वरच्या भागातील कामिओका खाणीतून येणारे कॅडमिअम पाण्याबरोबर खाचरांत आले आणि भातात उतरले. वर्षानुवर्षे तो भात खाणाऱ्या लोकांची हाडे ठिसूळ झाली. या आजाराला तेथे ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले. त्यानंतर त्या शेतांवर नवी माती टाकून जमीन सुधारण्याचे काम कित्येक वर्षे चालले. पाण्यातून आलेला धातू जमिनीतून परत काढणे किती अवघड असते, हे त्यावरून लक्षात यावे. म्हणून धातू पाण्यात असतानाच धरणे सोयीचे.

त्यासाठी अभ्यासला जाणारा एक पदार्थ म्हणजे पॉलिमरची जोड दिलेली चिकणमाती. तिचे काम कसे चालते, कोणत्या पाण्याला ती उपयोगी पडते आणि विकत घेण्यापूर्वी तिची परीक्षा कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

चिकणमाती धातू का धरते?

काळ्या जमिनीत काम करणाऱ्याला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि दिलेले खत धरून ठेवणारी आपली काळी माती बसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. तिच्यातील चिकण भागात स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रामुख्याने असतात. याच गटातील मॉन्टमोरिलोनाइट हे बेंटोनाइटमधील मुख्य खनिज. गुजरातमध्ये कच्छ आणि राजस्थानात बाडमेर भागात बेंटोनाइटच्या खाणी आहेत. शेततळ्याची गळती थांबवण्यासाठी वापरतात तो हाच बेंटोनाइट. बेंटोनाइट सल्फरच्या दाण्यालाही ओल मिळाल्यावर फुगवून फोडतो तो हाच.

या खनिजाचे कण पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. एका पापुद्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ७ गुंठे पृष्ठभाग मिळतो. या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. शिसे, कॅडमिअम, तांबे, जस्त, निकेल हे पाण्यात विरघळलेले असताना धनभारित असतात. त्यामुळे ते पापुद्र्यांकडे ओढले जातात आणि तेथे आधीपासून असलेल्या सोडिअम किंवा कॅल्शिअमची जागा घेतात. ही क्षमता धन आयन विनिमय क्षमता म्हणून मोजतात. मॉन्टमोरिलोनाइटची क्षमता १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते, तर केओलिन मातीची ३ ते १५. म्हणून केओलिनपेक्षा बेंटोनाइट या कामाला बरा.

मग पॉलिमर कशासाठी?

नुसता बेंटोनाइट धातू धरतो खरा, पण त्याला कॅल्शिअम आणि शिसे यांत फारसा भेद करता येत नाही. आपल्याकडच्या विहिरीचे पाणी जड असते. समजा, त्यात लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शिअम आहे आणि ०.१ मिलिग्रॅम शिसे आहे. विद्युतभाराच्या हिशेबाने कॅल्शिअम ४ मिलिइक्विव्हॅलंट आणि शिसे सुमारे ०.००१ मिलिइक्विव्हॅलंट होते. म्हणजे शिशाच्या एका आयनामागे कॅल्शिअमचे सुमारे ४,००० आयन रांगेत उभे. मातीला शिशाची ओढ थोडी जास्त असली तरी एवढ्या गर्दीत बहुतेक जागा कॅल्शिअमच पटकावते. ऊर्ध्वपातित पाण्यात शिसे विरघळवून केलेल्या प्रयोगात उत्तम दिसणारी माती विहिरीच्या पाण्यात निराशा करते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

येथे पॉलिमर कामाला येतो. सर्वाधिक अभ्यास झालेल्या पॉलिमरपैकी एक म्हणजे कायटोसॅन. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातील कायटिनपासून तो तयार करतात. काही पिकांवर फवारणीसाठीही तो विकला जातो. त्याच्या साखळीवर अमाइन गट असतात. तांबे, शिसे, पारा अशा धातूंना हे गट पकडून ठेवतात, पण कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम यांच्याकडे ते जवळजवळ दुर्लक्ष करतात. जड पाण्यात हवी असते ती नेमकी ही निवड. पण नुसता कायटोसॅन महाग, मऊ आणि आम्लात विरघळणारा असतो. चिकणमातीवर त्याचा थर बसवला की थोडा पॉलिमर मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. कायटोसॅन सौम्य आम्लात धनभारित होतो आणि माती ऋणभारित असते, म्हणून दोघे एकमेकांना घट्ट चिकटतात. साखळ्या पापुद्र्यांमध्ये शिरल्या की त्यांच्यातील अंतरही वाढते.

प्रयोगशाळेत हे काम साधारण असे चालते. कायटोसॅन १ टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवतात, पाण्यात भिजवलेला बेंटोनाइट त्यात मिसळून बराच वेळ ढवळतात, मग अल्कली टाकून पॉलिमर मातीवर बसवतात, धुऊन वाळवतात. आम्लयुक्त पाण्यात तो पुन्हा विरघळू नये म्हणून ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनाने साखळ्या एकमेकींना बांधतात. हे रसायन डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे, त्यामुळे घरच्या घरी हा खटाटोप करू नये. कायटोसॅनशिवाय सागरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, पॉलिइथिलीनइमाइन, पॉलिॲक्रिलिक आम्ल असे इतर पॉलिमरही वापरले जातात. अल्जिनेटमध्ये माती मिसळून साबुदाण्यासारखे मणी करता येतात. शेतावरच्या वापरासाठी मला भुकटीपेक्षा हे मणी जास्त सोयीचे वाटतात. कारण पुढे येईलच.

सगळेच धातू धनभारित नसतात, हे मात्र विसरू नका. पश्चिम बंगालमधील कूपनलिकांच्या पाण्यात सापडणारे आर्सेनिक पाण्यात ऋणभारित किंवा भाररहित रूपात असते. चामडे कमावताना वापरले जाणारे क्रोमिअम त्रिसंयुजी असते आणि उदासीन सामूला बहुतांशी साक्याच्या रूपात खाली बसते. पाण्याबरोबर दूरवर जाणारे आणि जास्त विषारी असते ते षट्संयुजी क्रोमिअम, तेही ऋणभारित. साधी चिकणमाती या दोघांना जवळ करत नाही, उलट लोटते. त्यांच्यासाठी मातीला धनभार देणारा पॉलिमर किंवा लोहाच्या ऑक्साइडचा लेप द्यावा लागतो. म्हणून ‘सर्व जड धातू काढते’ असे पिशवीवर लिहिलेले दिसले तर कोणता धातू आणि कोणत्या रूपातला, हा प्रश्न आधी विचारा. क्षारता आणि फ्लोराइड यांवरही ही माती उपाय नाही. ईसी जास्त असलेले पाणी तिच्यातून गेल्यावरही खारेच राहते.

आधी पाणी तपासा

सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू, ईसी, कार्बोनेट, बायकार्बोनेट, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम एवढेच पाहतात. धातू त्यात नसतात. त्यासाठी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी उपकरण असलेली प्रयोगशाळा लागते आणि कोणते धातू मोजायचे ते नावानिशी लिहून द्यावे लागते. कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे अशा प्रयोगशाळेची चौकशी करा.

नमुना घेताना पंप १०-१५ मिनिटे चालू द्यावा. धातूंसाठी प्रयोगशाळेकडूनच स्वच्छ, आम्लाने धुतलेली प्लास्टिक बाटली घ्यावी. या नमुन्यात नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवालात कमी दिसतो. सामू आणि ईसीसाठी दुसरी बाटली भरावी, तिच्यात आम्ल नको.

सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेल्या कमाल मर्यादा लिटरला मिलिग्रॅममध्ये अशा आहेत : कॅडमिअम ०.०१, आर्सेनिक ०.१, क्रोमिअम ०.१, तांबे ०.२, निकेल ०.२, मँगनीज ०.२, जस्त २, लोह ५ आणि शिसे ५. वर्षाला हेक्टरी १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर पाणी दिले जाते असे धरून हे आकडे काढलेले आहेत. कॅडमिअमचा आकडा किरकोळ वाटतो, पण ०.०१ मिलिग्रॅमच्या पाण्यातूनही १ कोटी लिटरमागे हेक्टरी १०० ग्रॅम कॅडमिअम जमिनीत येते.

शिशाची ५ मिलिग्रॅम ही मर्यादा वाचून निश्चिंत होऊ नये. ती पिकाच्या वाढीला होणाऱ्या अपायाच्या अंगाने ठरवलेली आहे. त्याच मार्गदर्शिकेत जनावरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी शिशाची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आय. एस. १०५०० नुसार ती ०.०१ आहे. एकाच विहिरीचे पाणी पिकाला, गोठ्याला आणि घराला जात असेल तर सर्वांत कडक आकडा धरावा. पिण्याच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त धातू निघाला तर मातीचे प्रयोग न करता पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधावा.

हिशेब : किती पाण्याला किती माती?

एक एकरावर १ इंच पाणी दिले तर सुमारे १ लाख लिटर पाणी लागते. मातीची मात्रा लिटरला १ ग्रॅम धरली तरी एका एकराच्या एका हलक्या पाळीला १०० किलो प्रक्रिया केलेली माती लागेल. पीक काढणीला येईपर्यंत अशा किती पाळ्या होतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून पाटाने किंवा ठिबकने संपूर्ण शेताला देण्याच्या पाण्यासाठी ही पद्धत आज परवडणारी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तसे आश्वासन देणाऱ्याकडे हा हिशेब मागावा.

शेताचे पाणी दूषित निघाले तर स्रोत बदलणे, पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून ते मिसळणे आणि पीक बदलणे हेच मार्ग उरतात. पालक, माठ, मेथी अशा पालेभाज्यांत कॅडमिअम जास्त उतरते. अशा पाण्यावर त्या घेऊ नयेत. फुलपिके, कापूस, बांबू यांसारखी खाण्यात न येणारी पिके घ्यावीत. चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या काळ्या जमिनीत बहुतेक धातू पिकाला कमी उपलब्ध होतात, एवढाच काय तो दिलासा. पण ते जमिनीत साठतच राहतात.

बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल आणि ठिबक बंद पडत असेल, तर त्यासाठीही ही माती घेऊ नये. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल तर ड्रिपर चोंदण्याचा धोका मोठा असतो. पाणी उंचावरून टाकीत पाडून हवा खेळवणे, लोहाचा गंज बसू देणे आणि मग वाळूच्या फिल्टरमधून घेणे, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. तसेच बोर्डो मिश्रणाच्या टाकीच्या धुवणीतील तांबे चुन्यामुळे आधीच साका होऊन बसलेले असते. ती धुवणी पातळ करून त्याच बागेत फवारावी. पाण्यात धातू भरपूर असेल तेव्हा चुना सर्वांत स्वस्त, आणि चुन्यानंतरही उरलेला थोडा धातू काढण्यासाठी पॉलिमरयुक्त माती, अशी कामाची वाटणी ध्यानात ठेवावी.

ही माती खरी शोभते ती थोड्या पण मोलाच्या पाण्याला. मातीविना पालेभाजी घेणारे हायड्रोपोनिक युनिट हे त्याचे चांगले उदाहरण. तेथे धातू अडवायला जमीन नसते. पाण्यात जे आहे ते थेट मुळाशी पोहोचते. अशा ठिकाणी पाण्यावर प्रक्रिया अन्नद्रव्ये मिसळण्यापूर्वी करावी, नाहीतर माती जस्त, तांबे, मँगनीजही टिपून घेईल आणि महागडे द्रावण अपुरे पडेल.

विक्रेत्याचा आकडा आणि तुमची बरणी

समजा, तुमच्या १,००० लिटरच्या टाकीत लिटरला ०.०३ मिलिग्रॅम कॅडमिअम आहे. एकूण ३० मिलिग्रॅम झाले. माहितीपत्रकात लिहिलेले असते की १ ग्रॅम माती १०० मिलिग्रॅम कॅडमिअम धरते. त्या हिशेबाने एक तृतीयांश ग्रॅम मातीत काम व्हायला हवे. तसे होणार नाही. असे आकडे बहुधा लिटरला दहा-वीस नव्हे, शेकडो मिलिग्रॅम धातू असलेल्या पाण्यात मिळालेले असतात. पाण्यात धातू जितका विरळ, तितका तो मातीवर कमी बसतो. त्यात कॅल्शिअमची गर्दी वेगळीच. खरी मात्रा तुमच्याच पाण्यावर चाचणी घेऊन ठरवावी.

एक-एक लिटरच्या सहा स्वच्छ प्लास्टिक बरण्या घ्याव्यात. पाचांत अनुक्रमे ०, ०.५, १, २ आणि ४ ग्रॅम माती टाकावी. सहावीत पॉलिमर नसलेला साधा बेंटोनाइट २ ग्रॅम टाकावा. चार तास अधूनमधून हलवून रात्रभर स्थिर ठेवावे. वरचे निवळ पाणी काढून गाळून धातू तपासणीला पाठवावे आणि प्रत्येक बरणीतील सामूही नोंदवावा. काहीच न टाकलेली बरणी वगळू नये. नुसत्या निवळण्याने धातू किती कमी झाला ते तीच सांगते. साध्या बेंटोनाइटनेही तेवढाच धातू काढला असेल तर पॉलिमरसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. बेंटोनाइटमुळे पाण्याचा सामू वाढतो आणि काही धातू त्यामुळेच साका होऊन बसतात. सामू बराच वर गेलेला दिसला तर त्या निकालाचे श्रेय मातीला देताना सावध राहावे.

समजा, १ ग्रॅम मात्रेला कॅडमिअम ०.०१२, २ ग्रॅमला ०.००८ आणि ४ ग्रॅमला ०.००७ मिलिग्रॅम उरले. तर २ ग्रॅमला मर्यादेखाली आलात; त्यापुढे माती वाढवून लाभ नाही. म्हणजे १,००० लिटरला २ किलो. रोज एक टाकी लागत असेल तर महिन्याला ६० किलो. माहितीपत्रकातल्या एक तृतीयांश ग्रॅमशी याची तुलना करा आणि मगच भाव ठरवा.

प्रक्रियेसाठी पाण्याचा सामू साधारण ५ ते ७ असावा. ४ च्या खाली हायड्रोजन आयनच जागा अडवतात, धातू सुटा राहतो.

भुकटी टाकलेले पाणी थेट ठिबकला जोडू नये. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि ठिबकचे नेहमीचे जाळीचे किंवा चकतीचे फिल्टर १०० मायक्रॉनच्या वरच्या कणांसाठी असतात. माती फिल्टरमधून सुटून नळ्यांत बसते आणि धातूही आपल्याबरोबर पुढे नेते. म्हणून मणी किंवा दाणेदार माती नळकांड्यात भरून त्यातून पाणी संथ सोडावे. बरणीपेक्षा नळकांड्यात मातीचा उपयोगही पुरेपूर होतो, कारण तोंडाशी असलेल्या थराला सतत नवे, जास्त धातूचे पाणी भेटत राहते. अशी दोन नळकांडी एकापाठोपाठ जोडावीत. दोहोंच्या मध्ये नमुना घेण्यासाठी तोटी ठेवावी. पहिल्यातून धातू सुटू लागला की ते काढावे, दुसरे पहिल्या जागी आणावे आणि मागे नवे जोडावे.

बाजारात ‘मॉडिफाइड’ नावाने मिळणारी प्रत्येक माती या कामाची नसते. रंग आणि तेल उद्योगात वापरली जाणारी ऑर्गॅनोक्ले तेलकट पदार्थांसाठी असते. कोंबडीखाद्यातले टॉक्सिन बाइंडर बुरशीच्या विषासाठी असतात.

वापरलेल्या मातीचे काय?

धातू नाहीसा झालेला नसतो, तो पाण्यातून मातीत आलेला असतो. वरच्या उदाहरणात १,००० लिटरमधून २२ मिलिग्रॅम कॅडमिअम २ किलो मातीत आले, म्हणजे किलोला ११ मिलिग्रॅम. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंतच कॅडमिअम चालते. तुमची वापरलेली माती त्याच्या दुपटीहून जास्त दूषित आहे. ती शेतात, उकिरड्यावर, बांधावर किंवा नाल्यात टाकू नये. रासायनिक खताची आम्लता किंवा कुजणाऱ्या शेणातील आम्ले लागली तर धरलेला धातू पुन्हा सुटू शकतो.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन माती पुन्हा वापरता येते, पण मग हातात धातूने भरलेले आम्ल उरते. हे काम शेतावर करू नये. वापरलेली माती सावलीत निथळून जाड प्लास्टिक पिशवीत भरावी, तोंड बंद करावे, वर धातूचे नाव आणि तारीख लिहावी आणि पावसापासून, जनावरांपासून व मुलांपासून दूर ठेवावी. माती परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच लेखी स्वीकारली तर उत्तम. तो तयार नसेल तर खरेदीपूर्वीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राची चौकशी करावी. गटाने युनिट चालवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिशव्या एकत्र साठवून एकाच फेरीत पाठवणे विस्तार कार्यकर्त्यांना जमवता येईल. त्यासाठी प्रत्येक पिशवीचे वजन आणि तपासणी अहवालाची प्रत सोबत ठेवावी.